मालक नसलेले जनावर: वसई-विरारमधील कुत्र्यांच्या प्रश्नाचा आढावा

भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की तट पडायला वेळ लागत नाही. एका बाजूला शाळकरी मुलांचे आईबाप, शेवटच्या विरार लोकलने उतरून अंधारातून घर गाठणारे चाकरमानी, पहाटे दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारी मुले. दुसऱ्या बाजूला रोज ठरल्या वेळी भाताचा डबा आणि बिस्किटांचे पुडे घेऊन निघणारे प्राणिमित्र. वसई-विरारमध्ये हा वाद गृहनिर्माण संस्थेच्या सभेत सुरू होतो, तक्रार आणि प्रतितक्रार होऊन पोलीस ठाण्यात फुगतो आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात येऊन अडतो. २०२५ मध्ये तो देशभर पेटला. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या निमित्ताने स्वतःहून त्यात लक्ष घातले आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात एकमेकांशी सहज जुळणार नाहीत असे तीन आदेश दिले.

दोन्ही तटांच्या हातात खरे पुरावे आहेत, ही या वादातली अवघड गोष्ट. तरीही त्यांचे जमत नाही. रेबीज, चावे आणि कुत्र्यांची संख्या हे तीन प्रश्न एकच समजून भांडण चालते, हे त्याचे मुख्य कारण दिसते. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि ते लागू पडायला लागणारा काळही वेगळा आहे. एका प्रश्नावर बरोबर असलेला पक्ष त्याच बळावर उरलेल्या दोन प्रश्नांचाही निकाल लावून टाकतो. हा गुंता कसा झाला ते समजायचे तर माणसाच्या संसारात जनावराची जागा कशावर ठरत आली, तिथून सुरुवात करावी लागते.

कामाची जनावरे आणि बिनकामाचे कुत्रे

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, नंदाखाल, गास, भुईगाव, गिरीज अशा गावांत, केळी, पान आणि फुलांच्या वाड्या विहिरींच्या आणि बावखलांच्या, म्हणजे गावतळ्यांच्या, पाण्यावर उभ्या राहिल्या. ते पाणी वर काढायचे काम रहाटाला जुंपलेला बैल किंवा रेडा करी. डोळ्यांवर झापड बांधलेले जनावर गोल फिरायचे, मडक्यांची माळ बुडून भरून वर यायची आणि पन्हळीतून पाणी वाडीभर पसरायचे. पुढे डिझेलचे इंजिन आले, मग विजेचा पंप आला, रहाट थांबला आणि जनावर विकले गेले. स्टेशनपासून गावात जाणारे टांगे रिक्षांपुढे टिकले नाहीत, तेव्हा घोडेही गेले. म्हशींचे गोठे मुंबईतून सरकत सरकत महामार्गाच्या कडेला आले. या प्रत्येक जाण्यात एक गोष्ट समान होती. जनावराला मालक होता. कधी विकायचे, कुणाला विकायचे, बाजारात न्यायचे की पांजरपोळात सोडायचे, हे कोणीतरी ठरवले आणि त्यातला नफा-तोटा कुणाच्या तरी खिशाला लागला.

कुत्र्याचे तसे झाले नाही, कारण त्याची मालकी पहिल्यापासूनच अर्धीमुर्धी होती. वाडीत ते राखणीला असे. अर्नाळा, नायगाव, पाचूबंदर इथल्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या वलांडींच्या आसपास टाकलेल्या मासळीवर जगे. पूर्वेच्या वारली-कातकरी पाड्यांवर शेतात शिरणाऱ्या रानडुकरावर भुंके, शिकारीला बरोबर जाई. पण पट्टा बांधून घरात क्वचितच असे. खायला चार घरे, हाकलायला सगळा गाव आणि पिसाळले तर काठी, असा तो व्यवहार होता. मराठी परंपरेतही हाच दुटप्पीपणा दिसतो. दत्ताच्या चित्रात चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव घरोघर माहीत असतात. पण तेच कुत्रे ओसरी ओलांडून आत आले की हाड म्हटलेच म्हणून समजावे. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या समाधीवरून २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये उठलेला वाद इतिहासाच्या पुराव्यांचा आहे, हे खरे. तरी कुत्र्याला किती मान द्यावा याबद्दलची आपली चलबिचल त्यातही डोकावते.

ज्या कुत्र्याला काम आहे त्याच्याबद्दल मात्र समाजात दुमत नसते. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ मध्ये सुरू झाले. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्यातल्या झंजीर या लॅब्राडोरने तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिले आणि २००० मध्ये तो मेला तेव्हा त्याला मानवंदना मिळाली. जात तीच, पण एकाला हुद्दा, हाताळणारा आणि वैद्यकीय तपासणी, तर दुसऱ्याला काहीच नाही. हा फरक कामाचा आहे, त्याहून अधिक जबाबदारीचा आहे. झंजीर चावला असता तर कोणाला विचारायचे, हे ठाऊक होते.

आता शहर वाढले तसे काय झाले ते पाहू. ३ जुलै २००९ रोजी वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे होती आणि त्यानंतर इमारती थांबलेल्या नाहीत. वाडीच्या जागी संकुल उभे राहिले आणि राखणीचे कुत्रे संकुलाच्या फाटकाबाहेर आले. त्याचे काम गेले, पण अन्न वाढले. चिकन सेंटरमागची पिसे आणि आतडी, हॉटेलांचे खरकटे, चाळींच्या तोंडाशी साचणारा कचरा, गोखिवऱ्याचे कचराक्षेपण केंद्र, वरून हौसेने घातलेले बिस्किट. पूर्वी चार घरांवर दोन कुत्री जगत. आता एका नाक्यावर टोळी पोसली जाते आणि तिला नावाने हाक मारणारा असला तर एखादाच.

काठीपासून कात्रीपर्यंत

कुत्र्यांवरून झालेल्या सरकारी-सामाजिक संघर्षाचा ठळक आरंभ मुंबईतच सापडतो. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा प्रघात होता आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस मिळे. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली गेली. ६ जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, शिपाई कुत्री मारताना दिसल्यावर दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला, हिंदू आणि जैनही त्यात उतरले आणि कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईची पांजरपोळ उभी केली. पुढच्या जवळजवळ दोनशे वर्षांच्या वादाची सगळी अंगे या एका प्रसंगात आहेत: सरकारला सार्वजनिक आरोग्य दिसते, समाजाला धर्म आणि दया दिसते आणि तडजोड म्हणून ‘मारू नका, दुसरीकडे न्या’ ही मागणी पुढे येते. दुसरीकडे म्हणजे कुठे, याचे उत्तर तेव्हाही नीट नव्हते.

स्वतंत्र भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याने क्रौर्याला गुन्हा ठरवले, पण भटकी कुत्री मारण्याची वाट बंद केली नव्हती. नगरपालिका मारत राहिल्या. चेन्नईच्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ पासून वेगळी मांडणी केली: मारून संख्या घटत नाही, म्हणून नसबंदी करून त्याच जागी सोडा. चेन्नई महापालिकेने ती १९९६ मध्ये स्वीकारली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये त्याच धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वे घातली आणि २००१ मध्ये केंद्राचे प्राणी जन्म नियंत्रण नियम आले. मधल्या काळात न्यायालयांतही एकमत नव्हते. २००८ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने उपद्रवी कुत्री मारण्याचा अधिकार महापालिकांना आहे, असे बहुमताने म्हटले. काही आठवड्यांतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०२३ च्या नव्या नियमांनी नसबंदी, लसीकरण आणि मूळ जागी सोडणे हा क्रम पक्का केला, संकुलांत खाऊ घालण्याच्या जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संस्थांवर टाकली आणि या कुत्र्यांना समाजाचे प्राणी मानले.

२०२५ ने हा क्रम पुन्हा हलवला. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री आठ आठवड्यांत निवाऱ्यात ठेवा, असे सांगितले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल करून नसबंदी आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडायला परवानगी दिली, पण रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळली, रस्त्यावर कुठेही खाऊ घालण्यास मनाई केली आणि विषय देशभर लागू केला. ७ नोव्हेंबरला शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आगारे आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात न्यावीत आणि तिथे परत सोडू नयेत, असा आदेश झाला. महामार्गांवरची मोकाट गुरे हटवण्याची सूचनाही त्यातच होती.

कोण काय म्हणते

हटवा म्हणणाऱ्यांची भूमिका अनेकदा निष्ठुर म्हणून उडवून लावली जाते, ते योग्य नाही. रस्ता हा माणसांच्या वापराचा आहे, चावा हा केवळ आजाराचा धोका नसून इजा आहे, आणि ही इजा मोटारीतून फिरणाऱ्याला होत नाही, ती पायी चालणाऱ्याला, चाळीत राहणाऱ्याला, उघड्यावर खेळणाऱ्या मुलाला होते, हा त्यांचा मुद्दा. नालासोपारा पूर्वेच्या गल्लीत आणि विरार पश्चिमेच्या फाटकबंद संकुलात धोका सारखा नाही, हे त्यांना दिसते. नसबंदी होऊन परत आलेले कुत्रे उद्यापासून चावणार नाही, असे कोणीही सांगू शकत नाही, हेही खरे.

प्राणिमित्रांची भूमिका करुणेवर उभी आहे, पण केवळ करुणेवर नाही. कुत्री हटवली की रिकाम्या जागेत, तिथले अन्न कायम असल्याने, शेजारची नसबंदी न झालेली आणि लस न टोचलेली कुत्री येतात. म्हणून ओळखीची, लसवंत टोळी जागेवर असणे शहराच्या हिताचे, असे ते म्हणतात. जयपूरमध्ये १९९४ पासून चाललेल्या कार्यक्रमात आठ वर्षांत त्या भागातली कुत्री सुमारे २८ टक्क्यांनी घटली आणि रेबीजचे रुग्ण आटले, हा त्यांचा आवडता आणि प्रकाशित पुरावा. त्यांची अडचण अशी, की जयपूरसारखी चिकाटी फार थोड्या शहरांनी दाखवली आणि खाऊ घालणाऱ्याने चाव्याची जबाबदारीही घ्यावी का, या प्रश्नावर त्यांच्यातही एकवाक्यता नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खाऊ घालायचे तर कुत्रे दत्तक घ्या, असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते थोपवले.

तिसरी भूमिका सार्वजनिक आरोग्यवाल्यांची. तिचा आवाज लहान आहे, कारण ती कोणत्याच तटाला पुरेसा राग आणणारी नाही. कुत्री राहोत वा जावोत, दरवर्षी ७० टक्के कुत्र्यांना लस द्या, रेबीज थांबेल, एवढेच ती म्हणते. आणि चौथी, सर्वांत कमी ऐकली जाणारी, स्वतः कुत्र्याच्या बाजूने विचारते, की रस्ता हे त्याचे घर आहे असे म्हणणे ही दया आहे का? कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी ३६४ पिलांचा माग ठेवला. त्यातली जेमतेम १९ टक्के सात महिन्यांची झाली, आणि मृत्यूंपैकी सुमारे ६३ टक्क्यांमागे माणसाचा हात होता: वाहन, विष, मार, उचलून नेणे. हा आकडा वाचल्यावर ‘जिथे आहे तिथे सुखात राहू द्या’ हे वाक्य तितक्या सहजपणे म्हणवत नाही.

तीन प्रश्न, तीन मुदती

रेबीजपासून सुरुवात करू, कारण तिथे ज्ञान सर्वांत पक्के आहे. भारतात दरवर्षी १८ ते २० हजार माणसे रेबीजने मरतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा वर्षानुवर्षे दिला जाणारा अंदाज. अलीकडे ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आलेल्या भारतीय सर्वेक्षणाने तो सुमारे ५,७०० वर आणला. सरकारी नोंदीत २०२४ मधले संशयित मृत्यू ५४ आहेत. यांत कोणी खोटे बोलत आहे असे मानायचे कारण नाही. एक गणिती प्रतिमानावरचा अंदाज, एक घरोघरचे सर्वेक्षण आणि एक रुग्णालयातली नोंद. पण ज्याला जो आकडा सोयीचा तो त्याने उचलायचा, अशी आपल्याकडची रीत.

मृत्यू किती यावर मतभेद असले तरी उपाय कोणता यावर नाहीत. ब्रिटनने १८९७ पासून कुत्र्यांना तोंडजाळी सक्तीची केली आणि १९०२ पर्यंत रेबीज संपवला. आपल्या शेजारी गोव्यात शासन आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून गावोगाव फिरून, जाळीने धरून, दरवर्षी मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवले आणि संशयित कुत्र्याची खबर देण्याची व्यवस्था लावली. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत तिथे रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद नाही, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. हे कुत्री हटवून झाले नाही. संख्या निम्मी होण्याची वाट पाहूनही झाले नाही. काही वर्षे नेटाने लस दिली एवढेच.

संख्येची मुदत याहून फार लांब आहे. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते, एका वेताला चार-सहा पिले असतात. केवळ हिशेबासाठी समजा, की एखाद्या महापालिका हद्दीत ३० हजार कुत्री आहेत आणि एका केंद्रात रोज २० शस्त्रक्रिया होतात. सुट्ट्या आणि पावसाळी अडचणी वगळून ३०० दिवस काम झाले, तर वर्षाला ६ हजार, म्हणजे पाचांतले एक कुत्रे. तेवढ्यात नवी पिले आली, बाहेरून कुत्री आली, घरात नको झालेली सोडली गेली. तुलनेने थोड्या काळात, सलग एकेका भागातली ७० टक्के कुत्री नसबंद झाल्याखेरीज आलेख खाली येत नाही, असे अभ्यास सांगतात. तक्रार येईल तिथली दोन-चार उचलायची, नसबंदी करून चार-पाच दिवस पिंजऱ्यात ठेवायची, कानाला खूण करून सोडायची, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत कुठल्याही एका वस्तीत त्या टक्केवारीच्या जवळपास जात नाही. भूतानने २०२३ मध्ये देशातली सगळी मोकाट कुत्री नसबंद झाल्याचे जाहीर केले, पण त्याआधी त्यांची एक तपाहून अधिक काळ मोहीम चालली होती. आणि कचरा तसाच राहिला तर कात्रीने काढलेली जागा अन्न पुन्हा भरते.

चावे हा तिसरा, आणि मला वाटते सर्वांत कमी अभ्यासलेला प्रश्न. २०२४ मध्ये देशात ३७ लाखांहून अधिक चाव्यांची नोंद झाली. महाराष्ट्र ४ लाख ८५ हजारांसह सर्वांत पुढे होता. याउलट पशुगणनेत भटक्या कुत्र्यांची संख्या २०१२ मध्ये १ कोटी ७१ लाख होती, ती २०१९ मध्ये १ कोटी ५३ लाख झाली. गणना कच्ची आहे आणि नोंदणी सुधारली की चावे वाढल्यासारखे दिसतात, हे धरूनही एवढे म्हणता येते, की संख्या आणि चावे हातात हात घालून चालतातच असे नाही. पिले असलेली मादी, अन्नाच्या ढिगाभोवतीची टोळी, दुचाकीमागे लागण्याची सवय, छळलेले कुत्रे, आणि घरातला पाळीव कुत्राही, यांचे चावे वेगवेगळ्या कारणांनी होतात. तिथे उपयोगी पडतो तो गल्लीगल्लीचा हिशेब: कोणत्या नाक्यावर, किती वाजता, कुठले कुत्रे. वसईच्या पेटिट रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात लस घ्यायला येणाऱ्याकडून ही माहिती सहज मिळू शकते, कारण तो पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा पुन्हा येतच असतो. केसपेपरवर चाव्याची जागा नकाशावर मांडता येईल इतकी नेमकी लिहिली, तर कुत्री धरणाऱ्या गाडीला रोज कुठे जायचे ते कळेल.

आक्षेपांचा विचार

यावर पहिला आक्षेप असा, की तीन प्रश्न असे वेगळे करणे पुस्तकी आहे. ज्याच्या मुलाला कुत्र्याने फाडले त्याला लसीची टक्केवारी काय सांगता? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच चाव्याचा प्रश्न रेबीजच्या उत्तराने सुटला असे म्हणू नये. वारंवार चावणारे विशिष्ट कुत्रे उचलून वेगळे ठेवायला २२ ऑगस्टच्या आदेशातही वाव आहे. सगळीच कुत्री उचलायच्या मागणीमुळे उलट तेच एक कुत्रे उचलायचे राहून जाते, कारण गाडी एकच आणि तक्रारी शंभर.

दुसरा आक्षेप: नेदरलँड्समध्ये रस्त्यावर कुत्रे दिसत नाही, मग इथे का नाही जमणार? तिथे ते जमले, कारण नोंदणी, कर, नसबंदी, सोडून देणाऱ्याला शिक्षा आणि बंद कचरापेटी ही सगळी मालकाभोवती बांधलेली व्यवस्था आधी उभी राहिली. आपल्याकडे त्या व्यवस्थेचा शेवटचा परिणाम पहिल्याच दिवशी मागितला जातो. निवाऱ्याचा खर्च पाहा. पुन्हा फक्त हिशेबापुरते: २० हजार कुत्री आणि दर कुत्र्यामागे दिवसाला ४० रुपये धरले तर वर्षाला २९ कोटी रुपये होतात, आणि त्यात जागा, बांधकाम, डॉक्टर काहीच धरलेले नाही. गर्दीच्या निवाऱ्यात आजार पसरतात ते वेगळेच. मोजक्या, धोकादायक किंवा आजारी कुत्र्यांसाठी निवारा शक्य आहे. सगळ्यांसाठी तो केवळ कागदावर शक्य आहे.

तिसरा आक्षेप दुसऱ्या बाजूने येतो: चाव्यांचा बागुलबुवा करून गरीब जनावरावर राग काढला जातो, खरा दोष महापालिकेचा. दोष महापालिकेचा असेलही. पण २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर या शहराचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकाकडे होता. विषय मांडायला नगरसेवक नव्हता, तेव्हा तो संकुलाच्या फाटकावर येऊन फुटला, यात नवल नाही. आणि नियम रहिवासी संस्थेवरही जबाबदारी टाकतात. मुलांची खेळायची जागा आणि जिना सोडून खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवायची, हे काम अनेक संस्था दोन्ही बाजूंच्या हट्टापायी करत नाहीत.

डोंगराकडचा शेजारी

शहरी वादात सहसा न येणारा आणखी एक पक्ष, बिबट्या, तुंगारेश्वरच्या डोंगरात राहतो. २००३ मध्ये अभयारण्य झालेला हा सुमारे ८५ चौरस किलोमीटरचा टापू वसई पूर्वेला टेकलेला आहे. जवळच्याच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांच्या आहाराचा मोठा भाग कुत्र्यांचा आहे. २०१८ च्या एका अभ्यासाने तर तिथले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात आणि त्यामुळे हजारभर चावे टळतात, असा अंदाज मांडला. अंदाजच तो, पण उलटी बाजूही लक्षात घ्यायला हवी, की कुत्री आणि कचरा बिबट्याला वस्तीच्या काठावर आणतात. २०२४ च्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला आणि एप्रिलमध्ये पिंजऱ्यात सापडेपर्यंत किल्लाबंदर-पाचूबंदर भागाने संध्याकाळी बाहेर पडणे आखडते घेतले. डोंगराच्या पायथ्याचे वारली वाघोबाला नैवेद्य दाखवून या शेजाऱ्याशी शतकानुशतके जुळवत आले आहेत. त्यांच्या त्या नात्यावर गंभीर अभ्यास झाले आहेत, पण महापालिकेच्या कुत्र्यांविषयीच्या कागदांत ही बाजू येईल असे वाटत नाही. कुत्र्यांसाठी दूर, डोंगराकडे जागा शोधू असे कोणी म्हणेल, तेव्हा मात्र ती यावीच लागेल.

काय अनिर्णित आहे

सर्वांत मोठी अडचण कायद्याची आहे. २०२३ चे नियम म्हणतात, मूळ जागी सोडा. ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश म्हणतो, स्थानक, शाळा, रुग्णालय ही मूळ जागा असेल तर सोडू नका. वसई रोड, नालासोपारा आणि विरार स्थानकांच्या फलाटांवर, पुलांखाली आणि बाहेरच्या बाजारात वावरणारी कुत्री एकच असतात. रेल्वेची हद्द कुठे संपते हे त्यांना ठाऊक नसते. ती पकडायची कोणी, रेल्वेने की महापालिकेने, आणि न्यायची कुठे? मिठागरे, हरित पट्टा, किनारा आणि अभयारण्य यांच्यामध्ये सापडलेल्या शहरात निवाऱ्याला मोकळी जागा हाच मोठा प्रश्न आहे, आणि कोणत्याही गावाला ती आपल्या शेजारी नको असणार.

दुसरी अडचण भरपाईची. पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये भरपाई ठरवली. केरळात त्यासाठी समिती होती. महाराष्ट्रात कुत्रा चावलेल्या माणसाला पुढे काय करायचे ते सहज सापडत नाही. भरपाई महापालिकेच्या अंदाजपत्रकाला लागू लागली, तर लसीकरणाचा खर्च बचतीचा वाटू लागेल, असा एक तर्क आहे. भरपाईच्या धास्तीने कुत्री गुपचूप नाहीशी केली जातील, असा त्याला उलट तर्क. दोन्ही शक्य आहेत.

तिसरी अडचण मोजणीची, आणि ती बाकी दोन्हींच्या आधी सोडवता येण्यासारखी आहे. गोव्याच्या मोहिमेत लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करत आणि नंतर त्याच वस्तीतून फिरून खुणेची आणि बिनखुणेची कुत्री मोजत. त्यातून किती टक्के झाली तेही कळे आणि एकूण किती आहेत याचाही अंदाज येई. वसई-विरारच्या एखाद्या प्रभागात हे करायचे, तर रकाने मात्र दोन लागतील. पश्चिमेच्या गावांत वाडीवर राहणारे, एका घरी जेवणारे, पण दिवसभर मोकळे सुटलेले कुत्रे अजूनही आहे आणि विचारल्यावर ‘आमचाच’ म्हणणारा माणूसही आहे. त्याला लस त्याच्या दारातच देता येते. पूर्वेच्या नाक्यावरच्या कुत्र्याला धरायला जाळी, गाडी आणि चार माणसे लागतात. एकाचा खर्च दुसऱ्याच्या रकान्यात पडला, तर मोहिमेचा अंदाजच चुकेल.